सडकेचा चौक आणि रुळाचा शेवट

धुळे शहराच्या दळणवळणाचा विचार करू लागले म्हणजे एक विसंगती प्रथमच नजरेत भरते. सडकेच्या दृष्टीने पाहिले तर हे शहर मोठ्या चौकावर वसलेले आहे. मुंबईहून आग्र्यास जाणारा जुना हमरस्ता येथून जातो. सुरतेकडून नागपूर-कलकत्त्याकडे जाणारा रस्ता त्याला येथेच छेद देतो. आणि दक्षिणेला चाळीसगाव-कन्नडवरून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) व सोलापूरकडे उतरणारा तिसरा रस्ताही येथूनच फुटतो. जुन्या क्रमांकांप्रमाणे हे राष्ट्रीय महामार्ग ३, ६ व २११. २०१० साली नवी क्रमांकपद्धती आली तेव्हापासून ते ६०, ५२ व ५३ या आकड्यांनी ओळखले जातात. परंतु आगगाडीच्या दृष्टीने पाहिले तर हेच शहर छप्पन्न किलोमीटरांच्या एका फाट्याचे शेवटचे स्थानक आहे. चाळीसगावहून गाडी येते, धुळ्यास थांबते आणि आल्या वाटेने परत जाते. पुढे रूळच नाहीत.

एकाच गावाला सडकेने चौक दिला आणि रुळाने शेवट दिला, हे कसे घडले? हा प्रश्न केवळ धुळेकरांचा नाही. देशाचे रस्ते आणि लोहमार्ग कोणत्या नियमांनी वाढतात, त्यांत भूगोलाचा वाटा किती, पैशाचा किती व धोरणाचा किती, हे समजून घ्यायला याच्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल.

प्रथम भूमीचा विचार करू. खानदेश म्हणजे एक लांबट पन्हळ आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्रीची टोके, आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेस वाहणारी तापी. पन्हळीतून पाणी जसे लांबीच्या दिशेने जाते, तशीच माणसांची वाटही स्वाभाविकपणे लांबीच्या दिशेने जाते. मोगल अमदानीत सुरत हे बंदर आणि बऱ्हाणपूर हे सुभ्याचे ठाणे. या दोहोंना जोडणारा व्यापारी मार्ग नवापूर, नंदुरबार, थाळनेर अशा ठिकाणांवरून जात असे. त्या काळी खानदेशातील मुख्य वाट ही पूर्व-पश्चिम वाट होती. थाळनेर ही तर फारुकी राजांची आरंभीची राजधानी. पुढे राजधानी बऱ्हाणपूरला गेली, कालांतराने व्यापाराची वाटही सरकली, आणि आज थाळनेर हे शिरपूर तालुक्यातील एक गाव म्हणून उरले आहे. वाट गावाला मोठे करते आणि वाटच गावाला विसरते, याचा हा आपल्या उंबऱ्यावरचा दाखला.

धुळ्याचा उदय मात्र दुसऱ्या, म्हणजे दक्षिणोत्तर वाटेने झाला. १८१८ साली पेशवाई संपून खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने नव्या जिल्ह्याच्या ठाण्यासाठी धुळ्याची निवड केली. गाव जिल्ह्याच्या मध्यावर आणि दक्षिणेकडून हिंदुस्थानात जाणाऱ्या हमरस्त्यावर होते. या वाटेचे महत्त्व पूर्वीच्या राज्यकर्त्यांनीही ओळखले होते. दक्षिणेला लळिंगचा आणि उत्तरेला सोनगीरचा किल्ला याच रस्त्यावर पहारा देत उभे आहेत. १८१९ साली धुळ्याची वस्ती अवघी २,५०९ माणसांची होती. ब्रिग्जने सरकारी कचेऱ्या बांधविल्या, घरांसाठी बिनभाड्याच्या जागा दिल्या, घरे बांधण्यास तगाई दिली व व्यापाऱ्यांना येऊन राहण्यास उत्तेजन दिले. १८७२ पर्यंत वस्ती १२,४८९ वर गेली. या वाढीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : नुसता रस्ता होता म्हणून गाव वाढले नाही, रस्त्याला कचेरी, बाजार आणि घरासाठी जागा यांची जोड मिळाली म्हणून वाढले.

मग आगगाडी आली. आणि येथे गणित बदलले.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरते तेव्हा घर्षण फारच थोडे होते. सपाट रुळावर एक टन ओझे चालते ठेवायला साधारण तीन-चार किलो जोर पुरतो. चांगल्या डांबरी सडकेवर रबरी चाकाच्या गाडीला त्याच ओझ्यासाठी दहा किलोच्या आसपास जोर लागतो, आणि चिखलाच्या कच्च्या रस्त्यावर बैलांना पन्नास किलो किंवा त्याहून जास्त ओढ सोसावी लागते. आगगाडी स्वस्त पडते ती या कारणाने. परंतु या गुणातच तिचा दोष दडलेला आहे. शंभर फुटांना एक फूट चढ आला की प्रत्येक टनामागे दहा किलो जोर जादा लागतो. सडकेवरच्या मोटारीला हा जोर दुप्पट झाला असे वाटेल. आगगाडीला तो तिप्पट-चौपट वाटतो. कसाऱ्याच्या थळ घाटात चढ सदतिसास एक आहे. तेथे प्रत्येक टनाला सत्तावीस किलो जादा ओढ पडते, म्हणून गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागतात. सारांश, सडक डोंगराशी दोन हात करू शकते. रूळ डोंगराला वळसा घालतो किंवा त्याला भोक पाडतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास गेली. १८६५ साली थळ घाटाचे काम पुरे होऊन मुंबई खानदेशाशी रुळाने जोडली गेली. पुढे उत्तर हिंदुस्थानात शिरायचे तर सातपुडा आडवा येतो. मुंबई-आग्रा सडक शिरपूरजवळ सावळद्याला तापी ओलांडते आणि बिजासनच्या घाटाने सरळ सेंधव्याला चढते. आगगाडीला हा चढ परवडणारा नव्हता. तिने चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा पन्हळीच्या दक्षिण कडेने रस्ता धरला आणि बऱ्हाणपूर-खांडव्याजवळ जिथे सातपुड्याला नैसर्गिक खिंड आहे, तेथून ती उत्तरेस गेली. भुसावळहून एक शाखा १८६७ साली नागपूरला पोहोचली, तर दुसरी १८७० साली जबलपूरला जाऊन कलकत्त्याकडून आलेल्या रुळाला मिळाली. सडकेचे धुळे या मार्गाच्या वाटेत कोठेच नव्हते.

भूगोलाबरोबर पैशाचाही विचार केला पाहिजे. या कंपन्यांना सरकारने जमीन फुकट दिली होती आणि भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी दिली होती. हमीचे व्याज हिंदी रयतेच्या करातून जाई. कंपनीला आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या विलायती गिरणीवाल्यांना हवा होता तो खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरापर्यंत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा तर या मार्गाची निकड फारच वाढली. साहजिकच रूळ पडले ते बंदराच्या दिशेने. गावे एकमेकांना जोडावीत ही दृष्टी त्यात गौण होती. रमेशचंद्र दत्तांसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी आगगाडीवर इतका पैसा आणि पाटबंधाऱ्यांवर इतका थोडा का, असा सवाल केला होता, त्याचे मूळ येथे आहे.

आता १९०० या सालाकडे येऊ; कारण धुळ्याच्या दृष्टीने हे साल निर्णायक आहे. त्या वर्षी चाळीसगावहून धुळ्यापर्यंतचा फाटा खुला झाला. त्याच सुमारास सुरतेकडून तापी व्हॅली रेल्वे नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर करीत जळगावच्या दिशेने आली. म्हणजे धुळ्याच्या दक्षिणेस एक रूळ आला व उत्तरेसही एक रूळ आला; परंतु दोघांमध्ये, धुळे ते नरडाणा, सुमारे चाळीस किलोमीटरांची जागा मोकळीच राहिली. एका कंपनीचा माल मुंबईला जायचा, दुसरीचा सुरतेला. दोघींच्या रुळांची भेट घडवून आणण्यात दोघींपैकी कोणाचाच लाभ नव्हता. ती चाळीस किलोमीटरांची उणीव सव्वाशे वर्षे टिकली.

शेवटचे स्थानक असण्याने नेमके काय बिघडते? प्रवाशाला इतकेच जाणवते की बहुतेक ठिकाणी जायला चाळीसगावला गाडी बदलावी लागते. मालाचे नुकसान याहून मोठे आहे. फाट्यावरची वाघीण मुख्य मार्गावर येऊन दुसऱ्या गाडीला जोडली जाईपर्यंत खोळंबते. फाट्यावर एका दिशेने भरलेल्या वाघिणी जातात आणि दुसऱ्या दिशेने बहुधा रिकाम्या येतात. रिकाम्या फेरीचा खर्च भरलेल्या फेरीवरच पडतो. शिवाय वळसा किती पडतो पाहा. धुळ्याहून इंदूर सडकेने अडीचशे किलोमीटरांपेक्षा थोडे अधिक आहे. रुळाने जायचे तर उलट दक्षिणेस चाळीसगावला उतरायचे, तेथून भुसावळ, आणि तेथून खांडवा. येथेच सुमारे तीनशे किलोमीटर होतात आणि इंदूर अजून दूरच असते. त्यातही खांडवा-इंदूर मार्ग होळकरांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून बांधला गेला तो मीटरमापी. म्हणजे रुंदमापी वाघिणीतला माल खांडव्याला उतरवून पुन्हा भरायचा. आपल्या पाचोरा-जामनेरच्या अरुंद रुळाची कथाही अशीच. मापे वेगळी असली की रूळ शेजारी असूनही परके राहतात.

याउलट जंक्शनचे पाहा. भुसावळला दोन मार्ग मिळाले, इंजिनांची शेड आली, कारखाने आले, हजारो कुटुंबांची पोटे रेल्वेवर भरू लागली. जळगाव मुख्य मार्गावर होतेच. तापी व्हॅलीचा रूळ मिळताच ते दोन मार्गांचे ठाणे झाले आणि कापूस, तेलबिया, केळी यांची पेठ म्हणून वाढत गेले. रावेर-सावद्याची केळी आगगाडीने दिल्लीच्या बाजारात जाऊ लागली, ती स्थानक शेताच्या जवळ असल्यामुळे. नवा दुवा जोडला की त्याचा लाभ त्या दुव्यापुरता राहत नाही. दोन्ही टोकांना जोडलेल्या सर्व गावांना तो पोहोचतो. दळणवळणाच्या शास्त्रातील हे पहिले तत्त्व होय.

सडकेची कथा याच काळात निराळ्या चालीने पुढे गेली. आगगाडी आल्यावर राज्यकर्त्यांचे लांबच्या सडकांकडे दुर्लक्ष झाले. मोटारी वाढल्या तेव्हा पुन्हा जाग आली. १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. रस्ते ही केवळ प्रांतांची जबाबदारी नसून सबंध देशाची आहे, आणि पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचा स्वतंत्र रस्तानिधी करावा, ही तिची मुख्य शिफारस. १९२९ साली तो निधी निघाला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनिअरांची संस्था स्थापन झाली. १९४३ साली नागपूरला मुख्य इंजिनिअरांची परिषद भरून वीस वर्षांची पहिली योजना आखण्यात आली. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हामार्ग आणि ग्राममार्ग ही जी उतरंड आज आपण गृहीत धरतो, ती तेथे ठरली. शेतीने विकसित झालेल्या मुलखात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे तिचे ध्येय. दर शंभर चौरस किलोमीटरांत सोळा किलोमीटर रस्ता हे तिचे माप. १९६१ च्या मुंबई योजनेने ते बत्तीस केले, आणि १९८१ च्या लखनौ योजनेने ब्याऐंशी.

रस्ता पक्का झाला की त्यावर वाहन हवे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पहिली एस. टी. धावली, आणि पुढील काही वर्षांत खेड्याच्या पारावर तिचा थांबा झाला. आगगाडीने बाजारपेठा जोडल्या, एस. टी.ने शाळकरी मुलगी, बाजारकरी शेतकरी आणि दवाखान्यात निघालेला आजारी यांना जोडले. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशात पाचशे आणि डोंगराळ व आदिवासी भागात अडीचशे वस्तीच्या पाड्यापर्यंत बारमाही रस्ता नेण्याचे ठरविले. साक्री-शिरपूरच्या डोंगरी भागाला आणि १९९८ साली वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी-अक्कलकुव्याला या 'बारमाही' शब्दाचा अर्थ पावसाळ्यात कळतो.

बारमाही रस्ता म्हणजे काय, हेही दोन शब्दांत सांगितले पाहिजे. कारण खानदेशची काळी जमीन कापसाला जितकी गोड तितकीच सडकेला कडू. ती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसून भेगाळते. तिच्यावर नुसते डांबर ओतले तर दोन पावसाळ्यांत रस्त्याची चाळण होते. म्हणून काळी माती खणून काढायची किंवा तिच्यावर मुरमाचा जाड थर दाबायचा, मग खडी, मग डांबर. रस्ता मध्ये उंच ठेवायचा, दोहो बाजूंना गटारे काढायची आणि प्रत्येक ओढ्यावर मोरी बांधायची. रस्ता मोडतो तो गाडीच्या ओझ्याने जेवढा, त्याहून अधिक खाली मुरलेल्या पाण्याने. गटाराचा खर्च वाचविला की डांबराचा खर्च वाया जातो, हे कंत्राटदाराइतकेच करदात्यानेही ध्यानात ठेवावे.

स्वातंत्र्यानंतर या दोन साधनांचे प्रमाण फार बदलले. १९५१ साली देशात सुमारे ५३,६०० किलोमीटर लोहमार्ग होते. आज ते एकोणसत्तर हजारांच्या आसपास आहेत. रस्ते मात्र चार लाख किलोमीटरांवरून त्रेसष्ट लाखांवर गेले. त्या वेळी देशातील बहुतेक सर्व माल आगगाडीने जाई. आज तिचा वाटा एक तृतीयांशाहूनही कमी झाला आहे. यात सडकेचा गुण आहेच : मालमोटार शेताच्या बांधावरून माल उचलते आणि व्यापाऱ्याच्या दारात टाकते; मध्ये दोनदा हमाली पडत नाही. पण याची किंमतही आहे. एका मालगाडीत साडेतीन हजार टनांहून अधिक माल जातो; तोच पंचवीस टनी मालमोटारींनी न्यायचा तर दीडशेच्या आसपास मोटारी लागतात. तेवढे डिझेल, तेवढे चालक, घाटात तेवढी गर्दी आणि तेवढे अपघातांचे भय. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळून हमरस्ता बंद पडला, तेव्हा एकाच वाटेवर सर्व भार टाकण्याचा धोका खानदेश व मराठवाडा या दोघांनाही दिसला.

तेव्हा रस्ता की रूळ, हा वादच चुकीचा आहे. जड, भरपूर आणि लांब जाणारा माल रुळाचा. थोडा, विखुरलेला आणि जवळचा माल सडकेचा. आणि दोहोंचे मीलन होते तो मालधक्का दोघांच्याही कसोटीचा. कोकण रेल्वेने १९९९ पासून भरलेल्या मालमोटारीच आगगाडीवर चढवून नेण्याची सोय केली, ती या सहकार्याचे सुरेख उदाहरण आहे.

कोकण रेल्वेकडून आणखी एक धडा घेता येईल. मधू दंडवते यांच्यासारख्यांनी तो मार्ग वर्षानुवर्षे मागितला. पण मागणीला वेग आला तो १९९० साली स्वतंत्र महामंडळ निघून केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ या राज्यांनी भांडवलात वाटा उचलला तेव्हा. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ७४१ किलोमीटरांचा अवघड मार्ग १९९८ साली सलग खुला झाला. मागणी न्याय्य असणे पुरेसे नसते. पैसा, अधिकार आणि मुदत ही तीन एका हाती यावी लागतात.

आता आपल्या दाराशी आलेल्या गोष्टीकडे वळू. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, अंदाजी खर्च १८,०३६ कोटी रुपये, नवी स्थानके ३०, आणि पूर्ततेची मुदत २०२८-२९. दर किलोमीटरला सुमारे ५८ कोटी रुपये हा खर्च मोठा वाटेल. पण या मार्गाला तापी, सातपुडा, नर्मदा आणि विंध्य ही चारही ओलांडायची आहेत. एकोणिसाव्या शतकातील इंजिनिअरांनी जे टाळले ते बोगद्यांनी व पुलांनी करावयाचे आहे. हातमाग-यंत्रमागांचे मोठे शहर असूनही ज्याला आजवर आगगाडी नव्हती, ते मालेगाव या मार्गावर येईल. आणि धुळ्याजवळच्या बोरविहीरपासून नरडाण्यापर्यंतचा सुमारे पन्नास किलोमीटरांचा तुकडा १९०० साली राहून गेलेली उणीव भरून काढील. त्या दिवशी धुळे हे शेवटचे स्थानक राहणार नाही. याच्याच आगेमागे, ऑगस्ट २०२४ मध्ये १७४ किलोमीटरांचा जालना-जळगाव मार्ग आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव-मनमाड चौथा रूळ मंजूर झाला. उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण २०१८ मध्येच पुरे झाले आहे. खानदेशच्या पन्हळीत पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर अशा दोन्ही वाटा रुळाने एकमेकींना छेदण्याचा योग प्रथमच येत आहे.

तथापि मंजुरी म्हणजे गाडी नव्हे, आणि गाडी म्हणजे भरभराट नव्हे. मार्ग शेतातून जाणार आहे. ज्याची काळी जमीन जाईल त्याला मोबदला वेळेवर आणि पुरता मिळाला तर काम वेगाने होईल, नाहीतर ते कोर्टात अडकेल. ज्याचे शेत दुभागले जाईल त्याला रुळाखालून बैलगाडी-ट्रॅक्टर नेण्याजोगी वाट हवी; ती आराखड्यातच मागितली पाहिजे, कारण भराव पडल्यावर मागितलेली मोरी फार महाग पडते. स्थानकापर्यंत चांगला रस्ता, स्थानकावर एस. टी.चा थांबा, कापसाच्या गासड्या, कांदा व मका यांसाठी मालधक्का आणि शीतगृह, या गोष्टी रेल्वे आपल्या आपण करील असे नाही. त्या नगरपालिकेने, बाजार समितीने आणि व्यापारी मंडळींनी आजच मागायच्या आहेत. ब्रिग्जच्या काळी रस्त्याला बाजाराची आणि घरांच्या जागांची जोड मिळाली तेव्हा धुळे वाढले, हे आरंभी सांगितलेच आहे. रुळालाही तशीच जोड लागेल.

नाहीतर दुसरीही शक्यता आहे, तीही बोलून दाखविली पाहिजे. मधले स्थानक होणे म्हणजे गाड्या येणे, तसेच गाड्या न थांबता निघून जाणेही असते. इंदूर आणि मुंबई ही मोठी शहरे एकमेकांच्या जवळ येतील तेव्हा मधल्या गावांतला धंदा आणि तरुण माणसे त्यांच्याकडे ओढली जाण्याचा संभव असतोच. रूळ दोन्ही दिशांनी वाहतो. त्याच्यावरून आपल्या मुलखातून रुई जाणार की कापड, सरकी जाणार की तेल, हे रूळ ठरवीत नाही. ते येथे राहणाऱ्या माणसांनी ठरवायचे आहे, आणि त्यासाठी रुळाचे काम चालू असतानाचीच ही काही वर्षे हाताशी आहेत.